दोघींसाठी एक पिंजरा

या जगात एकटेपणाने कुणी मरत नाही. मन फार चिवट असतं, ते सगळं सोसतं. हा विचार मी छत्तिसाव्या वर्षापर्यंत मोठ्या निष्ठेने जपला होता. मग प्राण्यांच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या, "माणसाचं मला माहीत नाही. उंदीर मरतो."

मी तिथे पिंजरा बघायला गेले होते. भाचीने हौसेने दोन पांढऱ्या उंदरिणी आणल्या, आठव्या दिवशी तिची हौस फिटली, आणि ताईने त्या खोक्यासकट माझ्याकडे पोचवल्या. "तुझ्याकडे काय, जागाच जागा," ती म्हणाली. जागा म्हणजे नवरा नसणं. त्या दोघींतली एक महिन्याभरापूर्वी गेली. उरलेली कोपऱ्यात पाठ करून बसायची आणि खोकं कुरतडायची.

दुकानात माझ्याआधी एक गृहस्थ उभे होते. उंच, किंचित वाकलेले, कानावर पेन्सिल. ते एकेक पिंजरा खाली घ्यायचे, दोन सळ्यांमधून पेन्सिल घालून बघायचे आणि खिन्नपणे परत ठेवायचे.

"हे काय चाललंय?" मला राहवलं नाही.

"पेन्सिल आत गेली की उंदीर बाहेर आला समजा," ते म्हणाले. "एकदा डोकं गेलं की बाकीचं आपोआप मागून जातं… त्याचं स्वतःचं काही चालत नाही."

हे ते माझ्याकडे बघून म्हणाले. एखाद्या पुरुषाने माझ्याकडे बघत इतकं लांब बोलल्याला बराच काळ लोटला होता.

त्यांच्याकडेही एकच उरली होती. करडी. शेजाऱ्यांनी घर बदलताना मागे सोडलेल्या जोडीतली. आम्ही दोघांनीही बाईंकडे जोडीला एकेक नवी मादी मागितली.

"नाही द्यायची," बाई म्हणाल्या. "उद्या जुनी जाईल, मग नवी एकटी. मग परत याल तोंड पाडून. यांच्याकडे एक, तुमच्याकडे एक. ठेवा की दोघींना एकत्र."

"पण आम्ही—" आम्ही दोघंही एकदमच म्हणालो.

"तुमचं नाही म्हणत मी. उंदरांचं चाललंय."

तेव्हा आम्ही एक पिंजरा निवडायला लागलो. तासभर लागला. माझं लक्ष उंच, तीन मजली पिंजऱ्याकडे होतं. त्यांनी मान हलवली. "उंदराला माडी नको, अंगण हवं." मग लांबरुंद, बसका पिंजरा ठरला. पळायचं चाक घेतलं ते सलग पत्र्याचं, कारण दांड्यांच्या चाकात शेपूट अडकतं. लाकडाचा भुसा नको, त्याने छाती भरते. अंथरायला मऊ टिश्यूपेपरच्या पट्ट्या. वाट्या दोन, पाण्याच्या बाटल्या दोन. आणि लपायला एक लाकडी घर… त्याला दोन दारं हवीत, म्हणून ते अडून बसले.

"दोन कशाला?"

"एकच दार असलं की आतलीला कोंडल्यासारखं होतं. मग ती चावते." त्यांनी पेन्सिल कानावर परत खोचली. "माझं लग्न एका दाराचं होतं."

बाहेर पडलो तर पाऊस. छत्री एकच, माझी. आम्ही ती पिंजऱ्यावर धरली आणि दोघं दोन बाजूंनी भिजत चालत राहिलो. पिंजरा रिकामा होता, आणि तो भिजला असता तरी काही बिघडणार नव्हतं. हे दोघांनाही ठाऊक होतं… पण कुणी बोललं नाही.

"तुम्ही काय करता?" त्यांनी पिंजऱ्यापलीकडून विचारलं.

"विमा कंपनीत आहे. दावे नाकारायची पत्रं लिहिते."

"सगळेच नाकारता?"

"मंजूर झालेल्यांचं काम दुसऱ्या मजल्यावर चालतं. तिथे मला कधी जावं लागलं नाही. तुम्ही?"

"कवळ्या बनवतो. गावभर लोक हसतात ते माझ्या दातांनी. पण मला बघून हसलेलं कुणी आठवत नाही."

मी हसले. माझेच दात होते, पण त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

पिंजरा माझ्या बाहेरच्या खोलीत, खिडकीपासून दूर, उन्हात येणार नाही असा ठेवला. पांढरीला आणि करडीला एकदमच आत सोडलं, म्हणजे घर कुणाचंच आधीचं नको. अर्धा तास नुसती पळापळ आणि चिडचिड. मग दोघी लाकडी घरात शिरल्या. दोन दारं असूनही कुणी बाहेर आलं नाही.

त्यानंतर ते दर रविवारी यायला लागले, पिंजरा साफ करायला. तिसऱ्या रविवारी 'तुम्ही'चं 'तू' झालं. पट्ट्या बदलताना झालं. मी सगळ्याच काढायला निघाले होते, तेव्हा त्याने माझं मनगट धरलं.

"मूठभर जुन्या राहू देत. सगळं धुऊन काढलंस तर त्यांना घर ओळखू येत नाही."

"हात सोड आधी."

"सोडतो… थांब, पट्टी चिकटलीय."

पट्टी निघाली. हात आणखी थोडा वेळ तिथेच होता. माझ्या आयुष्यातला हा सर्वांत हळवा क्षण, आणि त्याला उंदरांचा वास येत होता.

एकदा त्याने माझ्या कामाबद्दल खोदून खोदून विचारलं. मी सांगितलं, की नकाराची सुरुवात नेहमी कौतुकाने करायची. आपण आमचे जुने, विश्वासू ग्राहक वगैरे. "मुरलेली माणसं पहिला परिच्छेद वाचतात आणि पत्र फाडतात. पुढचं बघतच नाहीत."

"म्हणजे कौतुक दिसलं की समजायचं—"

"—आटोपलं."

तो इतका हसला की करडी घरात पळाली.

पावसाळा संपता संपता तो म्हणाला, "दादाने दुसऱ्या शहरात मोठं काम सुरू केलंय. बोलावतोय."

"मग?"

"मग काही नाही…" तो बाटलीत पाणी भरत होता आणि बाटलीशीच बोलत होता. "इथे कुणी थांब म्हणालं, तर थांबेन."

"कुणी म्हणजे?"

"असंच. कुणीतरी."

मला एकच शब्द म्हणायचा होता. मी म्हटलं, "बाटली गळतेय."

गळत होतीच म्हणा.

मी ताईला फोन केला. "उंदरांच्या आडून किती दिवस संसार करणार आहेस?" ती म्हणाली. "सरळ तोंडाने बोल त्याच्याशी."

"तोंडाने जमत नाही."

"मग लिही. लिहिण्याचाच पगार घेतेस ना?"

लिहिलं. ऑफिसातून आणलेल्या जाड कागदावर, दोन पानं. पंधरा वर्षं एकाच वळणाने चाललेला हात ऐन वेळी दुसरीकडे वळत नाही. पहिल्या पानावर त्याचा काटेकोरपणा, सचोटी, आणि पेन्सिल घालून पिंजरे तपासणं याबद्दल मला वाटणारा नितांत आदर मावला. दुसऱ्या पानावर एकच शब्द होता.

रविवारी पाकीट त्याच्या हातात दिलं. "वाच. मी दूध घेऊन येते," म्हणून बाहेर पडले आणि इमारतीला चार चकरा मारल्या. दूध घ्यायचं राहिलंच. परतले तेव्हा पिंजरा लख्ख झाला होता आणि तो हात पुसत उभा होता.

"वाचलंस?"

"वाचलं." त्याचे डोळे लाल होते. मी तो आनंद समजले. "फार चांगलं लिहितेस तू."

"मग… काय ठरलं?"

"तू म्हणतेस तसंच."

निघताना तो 'येतो' म्हणाला, जसं सगळेच म्हणतात.

तो आठवडा मी सुखात काढला. असा आठवडा कसा असतो, हे माहीत असावं म्हणून सांगते: ऑफिसात तीन माणसांना नकार कळवताना मला गाणं सुचत होतं. घरात एक खुर्ची होती, मी दुसरी आणली. जरा लांब पायांची, उंच माणसासाठी.

रविवारी तो आला नाही. दुपारी मीच फोन केला.

"कुठे आहेस?"

"दादाकडे. बुधवारी आलो."

"तू तर म्हणालास, मी म्हणते तसंच—"

"तसंच केलं ना."

मी लांब पायांच्या खुर्चीवर बसले. "दुसरं पान वाचलंस?"

"दुसरं पान होतं?"

पाकीट पिंजऱ्याखालच्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर होतं. दुसरं पान त्यातच होतं, घडीसुद्धा मोडली नव्हती.

"पहिल्या पानावर इतकं कौतुक होतं," तो म्हणाला, "की पुढे काढून बघायचा धीर झाला नाही. तूच सांगितलं होतंस… काय आहे त्यावर?"

मी वाचून दाखवलं. "थांब."

"हं, थांबलोय. वाच."

"वाचलं. तेवढंच आहे."

"हे पहिल्या पानावर का नाही लिहिलंस?"

"आमच्याकडे मुद्दा शेवटी येतो."

"मी थांबलो असतो गं."

"माहीत आहे."

"इथे करारावर सही करून बसलोय. दोन वर्षांच्या."

"बरं."

उंदीर जेमतेम दोन वर्षं जगतो आणि आमच्या दोघींनी वर्ष ओलांडलं होतं. तो हिशोब दोघांनीही केला असणार.

"आणि पहिलं पान?" शेवटी मी विचारलं.

"त्याच्या पट्ट्या करून आत घातल्या, दोघींना. चांगलं लिहिलेलं होतं… वाया कशाला घालवायचं."

"हं."

"बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या आहेत."

"चाक फिरतंय?"

"फिरतंय."

"मग ठेवतो," तो म्हणाला, आणि ठेवला मात्र नाही. मीही नाही. बऱ्याच वेळाने तिकडून कुणीतरी त्याला हाक मारली.

मी वाकून पिंजऱ्यात पाहिलं. दोघी एकमेकींवर मान टाकून टिश्यूपेपरच्या घरट्यात झोपल्या होत्या. माझ्या पत्राच्या पट्ट्या पलीकडच्या कोपऱ्यात होत्या. 'सचोटी' अजून वाचता येत होतं, 'नितांत' पिवळं पडलं होतं. जाड कागद उंदरांना घरट्यासाठी चालत नाही. त्या कोपऱ्याची त्यांनी मुतारी केली होती.