यजमान सापडला

टाम्पेरे शहरात हिवाळ्यात शनिवारी ऊन पडलं की घरात कोणी थांबत नाही. ओस्मो मात्र स्वयंपाकघरात जुन्या लॅपटॉपपुढे बसला होता. त्याची आठ वर्षांची वेन्ला गळ्यात बर्फावरचे स्केट-बूट अडकवून दारात ताटकळत होती. मागच्या शनिवारीही त्याने तिच्या तोंडाला पानं पुसली होती.

"एक मिनिट, राणी. एवढं सुरू झालं की तळ्यावर."

ओस्मो लिनक्स या संगणक-प्रणालीचा कर्नेल, म्हणजे तिचा गाभा, बांधायचा. बांधताना शेकडो प्रश्न येतात. उत्तरं आधीच भरलेली असतात आणि शहाणी माणसं मुकाट एंटर दाबत जातात. त्यातला एक प्रश्न असा: आपण खऱ्या यंत्रावर आहोत की दुसऱ्या यंत्राच्या पोटातले पाहुणे, हे गाभ्याने ओळखावं का? भरलेलं उत्तर 'हो'. पाहुण्याला यजमान ठाऊक हवा. नाहीतर यजमानाने त्याला थांबवून ठेवलं, तरी मध्ये वेळ गेल्याचं त्याला कळत नाही.

हा लॅपटॉप खराखुरा होता. त्याच्याखाली टेबलाशिवाय काही नव्हतं. तरी पडद्यावर ओळ उमटली: यजमान सापडला.

त्याने कामावरच्या जोडीदाराला, तापानीला, फोन लावला. तापानी हसला. "भलत्याच यंत्रात डोकावतोयस लेका. चष्मा पूस."

ओस्मोने डिस्क बदलली, नेटची तार उपटली. ओळ तीच. मग फ्रिजची घरघर थांबली. कॉफीच्या कपावरची वाफ हवेत तशीच अडकून राहिली आणि थोड्या वेळाने हलली. त्याने ते फोनवर सांगितलं.

हे ऐकून तापानीचं हसू मावळलं. मग हळू म्हणाला, "ते उत्तर बदलू नकोस. ओळ दिसतेय ना, दिसू दे. थांबवलेलं निदान कळतंय."

पण ओस्मोला ती बघवेना. त्याने 'नाही' भरलं आणि गाभा पुन्हा बांधायला घातला. तो तयार झाल्यावर त्याने ताजी कॉफी ओतून घेतली आणि यंत्र सुरू केलं.

ओळ गेली.

"चल," म्हणत तो कप घेऊन उठला.

खिडकीबाहेर तळं गोठलेलंच होतं. काठावर सकाळी उभं असलेलं बर्चचं झाड आता नव्हतं.

दारातल्या बाकावर वेन्ला स्केटमध्ये पाय कोंबत होती. टाच आत जात नव्हती.

"बाबा," ती मान वर न करता म्हणाली, "तू एक मिनिट म्हणाला होतास."

तिचा आवाज मोठ्या मुलीचा होता.

त्याच्या हातातला कप अजून चटके देत होता.