न्हाणीघरातला सुस्कारा

“एवढी दमलीस तर ठेव ना त्याला खाली!” मैत्रीण कुनिता म्हणाली.

“ठेवलं की रडतो!” ब्रिका म्हणाली. सॅटर्नदेवाच्या सणाची सुट्टी लागल्यापासून धाकटा भाऊ टॅम तिच्या कडेवरून उतरलाच नव्हता. आई सराईच्या चुलीपुढे राबत होती. आणि बाबांचं काही खरं नव्हतं.

बाबा गावाच्या वेशीवरचे पहारेकरी. आज सकाळी सरकारी टपालाचं खेचर सराईतून गायब! “वेशीतूनच गेलं! पहारेकरी झोपला असणार!” सराईवाले फ्लोरसकाका ओरडले होते. संध्याकाळपर्यंत खेचर मिळालं नाही, तर बाबांची नोकरी जाणार आणि वेशीवरची खोलीही.

“बाबा कुठले झोपतायत? टॅमने कुणाला झोपू दिलंय!” ब्रिका म्हणाली.

“मग खेचर काय तट चढून गेलं?” त्यांचा मित्र सेनोवीर हसला.

तेवढ्यात सराईशेजारच्या, सणासाठी बंद असलेल्या न्हाणीघरातून आवाज आला. हुंऽऽऽ!

“पळा! मोठी माणसं म्हणतायत, आत पितर सुस्कारे टाकतात!” सेनोवीरचं हसू पार पळालं.

टॅम मात्र खुदकन हसला आणि दाराकडे झेपावला.

“थांबा! हा असा फक्त जनावरांकडे झेपावतो,” ब्रिका म्हणाली. “काल खेचर बांधलं कोणी?”

“वात्तोने. तबेल्याचा मोतद्दार तोच ना!” सेनोवीर म्हणाला.

“अरे, काल सण होता! सणाच्या रीतीप्रमाणे काल नोकर झाले मालक आणि मालक झाले नोकर. वात्तो गादीवर बसून जेवत होता. मग मोतद्दार कोण होतं?”

“फ्लोरसकाका!” दोघं एकदमच ओरडले.

तिघांनी मिळून दार ओढलं. फरशी तापवणारी भट्टी विझली होती, तरी फरशी कोमट होती. त्या फरशीवर खेचर आरामात बसलेलं, आणि तोंडात फ्लोरसकाकांची सणाची टोपी!

आरडाओरडा ऐकून सगळे धावत आले. फ्लोरसकाका लालेलाल झाले. “जरा जास्तच प्यायलो होतो. आत ऊब लागली... मला वाटलं, तबेलाच!”

टपालवाला पोट धरधरून हसला. “शाब्बास, पोरांनो!”

“मातुगन, चुकलो रे,” काका बाबांना म्हणाले. “तुझी पोरगी माझ्यापेक्षा शहाणी. कुठे आहे ती?”

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. खेचराच्या पोटाला टेकून ब्रिका गाढ झोपली होती. टॅम मात्र टक्क जागा!

बाबांनी त्याला अलगद उचललं. “चल रे, आता ताई व्हायची माझी पाळी.”

“आणि वेशीवर कोण?” कुनिताने विचारलं.

फ्लोरसकाकांनी चावलेली टोपी झटकली, डोक्यावर घातली आणि मुकाट्याने वेशीकडे निघाले.