मर्लचा अँप्लिफायर

गवत कापायच्या यंत्राच्या पात्याला धार लावून आणायला रॉइस टॅकेट शनिवारी सकाळी घराबाहेर पडला होता. वाटेत ओळखीच्या आर्डिसच्या गॅरेजसमोर जुनं सामान विकायला मांडलेलं दिसलं, म्हणून थांबला. आर्डिसचा भाऊ मर्ल मार्चमध्ये वारला होता. त्याचं तळघर ती रिकामं करत होती.

खोक्यांच्या मागे तो गिटारचा अँप्लिफायर होता. शिकागोतल्या एका छोट्या कारखान्याने जेमतेम वर्षभर बनवलेला. रॉइसने तीस वर्षं बारमधून गिटार वाजवली होती, पण असला फक्त फोटोत पाहिला होता. पुढे स्पीकर झाकणाऱ्या तपकिरी कापडावर मधोमध तळहाताएवढा काळपट डाग होता.

“चालतो का गं?”

“मर्ल रोज लावायचा.” आर्डिस दोन पावलं लांबच उभी राहिली. “न्यायचा तर ने बाबा. परत मात्र आणू नकोस.”

घरी येऊन आपल्या गॅरेजमध्ये त्याने तो लावला. आतले काचेचे व्हॉल्व्ह तापत हळूहळू नारिंगी झाले. रॉइसने एकच तार छेडली आणि त्याच्या अंगावर काटा आला. सूर जाड, ओलसर, किंचित घोगरा. शेवटाला जरासा थरथरणारा. अगदी माणसाच्या गळ्यासारखा. जेवण विसरून तो दुपारभर वाजवत बसला.

व्हॉल्व्ह चांगले तापले तसा वास यायला लागला. आधी त्याला वाटलं, आत उंदीर मेलाय. मागची फळी काढून पाहिलं तर आत सगळं स्वच्छ. वास गोडसर होता, आंबट होता. न घासलेल्या दातांचा, आजारी माणसाच्या तोंडाचा. तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बसला, तिसऱ्या दिवशीही. त्या सुरापुढे त्याच्या बाकीच्या गिटारी, बाकीचे अँप्लिफायर मुके वाटायला लागले होते.

गुरुवारी त्याची बायको ग्लेना दारातूनच मागे फिरली. “शी! काय कुजलंय इथे?”

त्याने वाकून डागावर बोट ठेवलं. कापड कोमट होतं. ओलं… बुळबुळीत. बोट उचललं तशी लाळेची बारीक तार लांबत आली. त्याने हात पँटला पुसला, मग साबणाने दोनदा धुतला आणि आर्डिसला फोन लावला.

ती हलक्या आवाजात म्हणाली, “घशाच्या ऑपरेशननंतर मर्लला बोलता येत नव्हतं, रॉइस. त्या अँप्लिफायरसमोर गुडघे टेकून बसायचा… गिटार छेडायचा आणि कापडाला तोंड लावायचा. तासन्‌तास. म्हणायचा… म्हणजे लिहून द्यायचा, की असं केलं की मला माझा आवाज ऐकू येतो.”

रॉइस मोरीत जाऊन ओकला. त्याच दुपारी त्याने अँप्लिफायर गाडीत घातला, गावाबाहेरच्या कचरा डेपोवर नेला आणि कचरा दाबायच्या यंत्राखाली तो चिरडला जाताना डोळ्यांनी पाहून मगच घरी आला.

त्यानंतर महिनाभर काही झालं नाही. वास गेला. ग्लेनाने गॅरेज धुऊन काढलं.

काल सकाळी दात घासताना त्याच्या दाढेत काहीतरी अडकलेलं लागलं. त्याने चिमटीत धरून ओढलं. ते येतच राहिलं… वीतभर लांब, तपकिरी, कापडाच्या विणीतून उसवलेला धागा.