तेरावी गाठ

शलाकाचं रक्त थांबायचं. कोड्याची सुरुवात इथूनच होते. ज्याला रक्त वाहण्याचा आजार असतो त्याचं रक्त थांबत नाही, एवढं शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. शलाकाचं मात्र अगदी वेळेवर थांबायचं. गुडघा फुटला, की चारचौघांसारखी खपली धरायची. आणि दुसऱ्या दिवशी, कुणी हातही लावलेला नसताना, त्याच जागेतून पुन्हा रक्त वाहू लागायचं.

‘कुणी हातही लावलेला नसताना’ हे शलाकाचं म्हणणं. लाटवाडीतल्या इतरांचं म्हणणं वेगळं होतं.

लाटवाडी ही कोकणकिनाऱ्यापासून दूर, समुद्रावर तरंगणारी वस्ती. मोठमोठ्या तराफ्यांवर घरं, घरांभोवती पाण्यात सोडलेली दोरांची जाळी आणि त्या जाळ्यांवर समुद्री शेवाळाची शेती. पोरं दिवसभर ओल्या फळ्यांवरून अनवाणी पळायची, त्यामुळे खरचटण्याला काही तोटा नव्हता. मलमपट्टीला एक यंत्रमानव होता. तो रक्त तपासायचा, औषध द्यायचा आणि शेवटी ठरलेल्या आवाजात म्हणायचा, “सगळं ठीकठाक.” पोरांनी त्याचं नावच ठीकठाक ठेवलं होतं.

ठीकठाकनं शलाकाचं रक्तही तपासलं होतं. एकदा नव्हे, अनेकदा. “रक्त गोठायला लागणारा वेळ योग्य. सगळं ठीकठाक.” आता रक्तात दोष नाही म्हटल्यावर तो शलाकातच असणार, हे ओघानंच आलं. ती खपल्या काढते, असं ठरून गेलं. आई रेवती तिला झोपताना सुती हातमोजे घालायची. शेजारच्या सुलभाकाकू येता-जाता टोकायच्या, “काय गो चेडवा, परत खपली काढलंस?” सुरुवातीला शलाका भांडायची. मग रडायची. पुढे पुढे तर तिला स्वतःचाच संशय येऊ लागला. झोपेत आपणच काढत असू का? एखाद्या मुलीला तिच्याच हातांची भीती वाटावी, यासारखं वाईट दुसरं काय असेल!

मग शलाकाला भाऊ झाला. त्याच्या बारशाला कुमुदआजी आली. ही बाबांची आई. प्रथिनांचा (शरीर बांधणाऱ्या आणि चालवणाऱ्या पदार्थांचा) अभ्यास करणारी ही शास्त्रज्ञ बाई कित्येक वर्षं दक्षिण ध्रुवावरच्या संशोधन केंद्रात होती. नातवंडांना तिनं आजवर पडद्यावरच पाहिलं होतं.

बारशाच्या सकाळी दर्या खवळलेला होता, पण वस्तीतल्या बायका जमल्या. पाळणा सजला. रेवतीनं बाळाला उचललं आणि तिचा चेहराच उतरला. दुपटं लाल झालं होतं. बाळाची नाळ नुकतीच गळून पडली होती. आदल्या दिवशी बेंबीतून थोडं रक्त आलं होतं, पण ठीकठाकनं पट्टी करताच ते थांबलं होतं. आज पुन्हा वाहत होतं.

ठीकठाकनं धावत येऊन बेंबी दाबून धरली, रक्त घेतलं, तपासलं. “गोठायला लागणारा वेळ योग्य. सगळं ठीकठाक.”

रेवती भेदरली होती. भेदरलेलं माणूस कुणावर तरी खापर फोडतं. ती शलाकाकडे वळली. “तू हात लावलास का त्याच्या बेंबीला? खरं सांग. तुला खपल्या काढायची सवयच आहे!”

सगळ्या बायकांच्या नजरा शलाकावर खिळल्या. तिनं बाळाकडे पाहिलं आणि एकाएकी तिला काहीतरी दिसलं.

“मी नाही लावला हात,” ती म्हणाली. “आई, माझ्या खपल्या मी काढते म्हणता ना तुम्ही? मग बाळाची कुणी काढली? त्याच्या तर मुठीपण उघडत नाहीत अजून!”

कुमुदआजी जागची उठली.

“रेवती, शलाकाची नाळ गळाली तेव्हा असंच झालं होतं का गं?”

“हो, आत्या,” रेवती आठवून म्हणाली. “थांबायचं आणि परत यायचं. नाळ नीट बांधली नाही, असं सगळे म्हणाले होते.”

आजीनं शलाकाचा हात धरला. “चल माझ्याबरोबर. आणि ठीकठाक, तूही ये. दोघांचं रक्त घेऊन ये.”

शेवाळशेतीच्या प्रयोगशाळेत बादल्या, दोर आणि खताची पोती यांची गर्दी होती. आजीनं एक अर्धवट विणलेलं जाळं टेबलावर ओढलं.

“जखम झाली की आधी बिंबिका (रक्तातल्या इवल्या चकत्या) येऊन भोकावर चिकटतात. हे झालं तात्पुरतं बूच. मग रक्तातले फॅक्टर (गोठायला मदत करणारे घटक) एकमेकांना हाका मारत कामाला लागतात. त्यांना नावाबरोबर नंबरही दिलेत. सरतेशेवटी फायब्रिनचे (चिवट प्रथिनाचे) तंतू तयार होतात आणि बुचावर त्यांचं जाळं पडतं. रक्त गोठलं! ठीकठाक, तुझं घड्याळ कुठे थांबतं रे?”

“इथेच,” ठीकठाक म्हणाला.

“शलाका, दोर नुसते आडवे-उभे टाकले, की झालं का जाळं?”

“छे! गाठी माराव्या लागतात.”

“आणि नाही मारल्या तर?”

“पहिल्या भरतीलाच सगळं सुटून...” शलाका बोलता बोलता थांबली. तिनं आपल्या गुडघ्याकडे पाहिलं.

“त्या गाठी मारतो तेरावा घटक, फॅक्टर तेरा,” आजी म्हणाली. “तो नसला तरी रक्त गोठतंच, आणि वेळेवर गोठतं. पण जाळं कच्चं राहतं. शरीर रोज जुन्या गुठळ्यांची साफसफाई करत असतं, त्यात ते उसवून जातं. म्हणून दुसऱ्या दिवशी रक्त येतं. असं मला वाटतं. पण नुसतं वाटून भागत नाही, दाखवावं लागतं.”

दाखवायची घाई होती. बेंबीतलं रक्त ही त्यातली लहान गोष्ट. या आजारात रक्त डोक्याच्या आतही वाहू शकतं, आणि तिथे बोळा दाबून धरता येत नाही. खवळलेल्या दर्यात इस्पितळाची बोट निघणार नव्हती. वस्तीच्या शीतपेटीत गोठवलेला प्लाझ्मा (पेशी काढल्यावर उरणारं रक्ताचं पिवळसर पाणी) होता आणि त्यात तेरावा घटक असतो. पण ठीकठाकचा नियम पक्का होता. तपासणीत दोष सापडल्याशिवाय प्लाझ्मा द्यायचा नाही.

आजीनं तीन काचनळ्या घेतल्या. एकीत तिच्या स्वतःच्या रक्ताची गुठळी, दुसरीत शलाकाच्या, तिसरीत बाळाच्या. तिन्हींवर तिनं युरियाचं तीव्र द्रावण ओतलं. तोच युरिया, जो खत म्हणून पोत्यात भरलेला होता.

“सुटे तंतू यात विरघळतात. गाठी मारलेल्यांपुढे याचं काही चालत नाही.”

मग वाट पाहणं आलं. रेवतीही बाळाला घेऊन तिथेच येऊन बसली. शलाका नळ्यांवरून नजर हलवत नव्हती. तिला एकाच वेळी दोन गोष्टी हव्या होत्या. आपली गुठळी विरघळावी, म्हणजे आपण खोटारडे ठरणार नाही. आणि बाळाची विरघळू नये, म्हणजे तो आजारी ठरणार नाही. अशा कात्रीत मोठी माणसंही कासावीस होतात.

दुपार कलेपर्यंत आजीची गुठळी नळीच्या तळाशी तशीच घट्ट होती. बाळाची कडांनी झिजत झिजत नाहीशी झाली. शलाकाच्या नळीतही नुसतं पाणी उरलं.

ठीकठाकनं दोन्ही भावंडांच्या नळ्या उचलून उजेडात धरल्या. “रक्त गोठलं की मी मोजणं थांबवतो,” तो सावकाश म्हणाला. “त्यानंतर त्या गुठळीचं काय होतं, हे मी कधी पाहिलंच नाही. शलाका, मी दिलेलं उत्तर बरोबर होतं. पण प्रश्न अपुरा होता.”

त्यानं किनाऱ्यावरच्या इस्पितळाशी संपर्क जोडला. तिथल्या रक्ततज्ज्ञ बाईंनी तिन्ही नळ्या पडद्यावर पाहिल्या, नाळेची हकिगत ऐकली आणि म्हणाल्या, “वेळ घालवू नका. प्लाझ्मा सुरू करा. तेरावा घटक मी पहिल्या बोटीनं पाठवते. पक्की मोजणी इथे करू.”

रक्तगट जुळवून प्लाझ्मा थेंबाथेंबानं बाळाच्या अंगात जाऊ लागला. तेव्हा कुठे रेवती शलाकाजवळ आली. तिनं लेकीचे दोन्ही हात हातात घेतले आणि त्यांच्यावर कपाळ टेकून ती रडली. “मी याच हातांना मोज्यात कोंडलं गं. तू सांगत होतीस आणि मी ऐकत नव्हते.”

शलाकाला राग आला होता, तो काही लगेच गेला नाही. पण तिनं हात मागे घेतले नाहीत.

बाळाचं रक्त थांबलं. याचा कुणी आनंद मानला नाही, कारण थांबायचं तर ते नेहमीच. सगळ्यांचा जीव दुसऱ्या दिवसावर टांगला होता. सकाळी रेवतीनं दुपटं उलगडलं. ते कोरडं होतं. संध्याकाळीही कोरडंच होतं.

वारा पडला आणि बोट आली. बाळाला मिळालं तसं शलाकालाही तेराव्या घटकाचं इंजेक्शन मिळालं.

“रोज घ्यायचं?” तिनं धास्तावून विचारलं.

“महिन्यातून एकदा,” आजी म्हणाली. “हा घटक रक्तात बरेच दिवस टिकतो आणि थोडासा असला तरी काम भागतं. दुसरे घटक कमी असलेल्यांना वेगळी औषधं लागतात. म्हणून आधी नेमका कोण गैरहजर आहे ते शोधायचं.”

“पण आजी, आमच्याकडेच तो का नाही?”

“तुझी आई मला आत्या का म्हणते?”

“कारण तू तिच्या बाबांची बहीण आहेस. बाबांनी मामाच्या मुलीशी लग्न केलंय.”

“बरोबर. गाठ मारण्याची कृती प्रत्येकाकडे दोन प्रतींत असते. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरीवर भागतं. मला आणि माझ्या भावाला एकेक बिघडलेली प्रत मिळाली. मी ती तुझ्या बाबांना दिली, भावानं तुझ्या आईला. आम्ही सगळे ठणठणीत, त्यामुळे पत्ताच लागला नाही. तुम्हा दोघांच्या वाट्याला मात्र दोन्ही बिघडलेल्या आल्या.”

“मग चूक कुणाची?”

“कुणाचीच नाही, बाळा. मुद्दाम कुणी काही दिलं नाही. पण आता कळलंय, तेव्हा घरातल्या सगळ्यांना तपासून घ्यायचं. आणि पेशींमधली ती बिघडलेली कृतीच दुरुस्त करायच्या खटपटीत पुष्कळ जण आहेत. तू मोठी होईपर्यंत कदाचित इंजेक्शनही लागणार नाही.”

ठीकठाकनं आपल्या तपासणीत युरियाची पायरी वाढवली आणि समुद्रावरच्या सगळ्या वस्त्यांमधल्या यंत्रमानवांना ती कळवली. काही महिन्यांनी दूरच्या खारतळ वस्तीतून निरोप आला. तिथल्या ओजस नावाच्या मुलाची गुठळी विरघळली होती. त्याची याआधीची प्रत्येक तपासणी निर्दोष आली होती.

“मला त्याच्याशी बोलायचंय,” शलाका म्हणाली.

पडद्यावर एक किरकोळ मुलगा आला. हनुवटीवर पट्टी होती आणि मान खाली. आता कोण काय बोलेल ते ऐकून घ्यायची त्यानं तयारी ठेवल्यासारखी वाटत होती. शलाकानं त्याला जाळं, गाठी, इंजेक्शन, सगळं समजावून सांगायचं ठरवलं होतं. पण त्याला पाहिल्यावर ते सगळं मागे राहिलं.

“ओजस,” ती म्हणाली, “खपली तू काढली नव्हतीस. मला माहीत आहे.”

मुलानं झटकन मान वर केली.

“आई!” तो मागे वळून ओरडला. “इकडे ये लवकर. ही काय म्हणतेय ते ऐक!”