काळे ओठ

खानापूरची पहिली बस रामनगरच्या स्टँडवर लागली, पण उतरलेल्यांपैकी कुणी घराकडं वळलं नाही. सगळे यशवंतच्या फोटो स्टुडिओसमोर गोळा झाले. शोकेसच्या काचेवर खळीनं एक फोटो चिकटवला होता. बाई उघडी होती आणि चेहरा स्टुडिओत काम करणाऱ्या केशरचा होता.

फौजदार शंकर हलगेकर पोचले तेव्हा काचेवर खळीचा ओला डाग तेवढा उरला होता. स्टँडच्या खांबांवर आणि गिरणीच्या दारावरही तसेच डाग होते.

"फोटो कुठं आहेत?"

"फाडले, सायब. असली घाण कोण ठेवून घेतंय? छी!" परशूतात्या म्हणाले. ते गावातले जुने पंच. बोलताना त्यांनी उपरणं छातीशी घट्ट धरलं होतं.

हलगेकरांच्या हाती एकच फोटो लागला, स्टँडच्या मुतारीच्या भिंतीवरचा. तिथली ओल आणि घाण पाहून बहुधा कुणी आत शिरलं नसावं. त्यांनी नाक दाबून तो सोलून काढला आणि रुमालात धरून स्टुडिओत आणला.

केशर आतल्या बाकावर बसली होती. स्टुडिओत येणारे काळेपांढरे फोटो ब्रशनं रंगवणं हे तिचं काम. उरलेल्या वेळात तिचा वेगळाच नाद चाले. यशवंतनं रद्दीतून जुन्या मासिकांचा गठ्ठा आणला होता. ती त्यातलं एकेक मुखपृष्ठ निवडायची, त्यातल्या बाईसारखं नेसायची, कॅमेऱ्याचा टायमर लावून धावत जाऊन तशीच उभी राहायची. मग स्वतःचा फोटो ब्लेडनं कापून रंगवलेल्या पडद्यावर चिकटवायची, मासिकाचं नाव हातानं काढायची आणि त्या सगळ्याचा पुन्हा फोटो घ्यायची. ती मुखपृष्ठं शोकेसमध्ये लागली की लोक बस चुकवून बघत.

"हा चेहरा कुठल्या फोटोतला?" हलगेकरांनी विचारलं.

केशरनं रुमालाकडं एकदाच पाहिलं आणि तोंड फिरवलं. "कंदिलवाल्या मुखपृष्ठातला. उजेड बघा की, हनुवटीखालनं आलाय."

"आणि ओठ असे काळे का?"

"काय ठाऊक. मी ओठाला काय लावत न्हाई."

हलगेकरांना असं तोंड आधी कुठंतरी पाहिल्यासारखं वाटलं. कुठं, ते आठवेना. त्यांनी शोकेसमधलं कंदिलाचं मुखपृष्ठ आणून शेजारी ठेवलं. त्यात मासिकाचं नाव केशरच्या केसांवरून आडवं गेलं होतं. घाणेरड्या फोटोत केस कोरे होते.

"अक्षरं नसलेला फोटो कुणाकडं आहे?"

"निगेटिव्ह हितंच हाय, कपाटात."

"किल्ली?"

"माझ्याकडं," यशवंत म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "पण सायब, ही मला पोरीसारखी. देवाशपथ."

"आणखी कुणाकडं?"

केशर म्हणाली, "साखरपुड्याला त्यांना ह्याचीच एक प्रत दिलीय. कुंकू, ओठ, बांगड्या रंगवून. आमच्यात नवरीचा काळापांढरा फोटो देत न्हाईत, अशुभ म्हणतात. बाकी कुणासाठी मी स्वतःचा फोटो रंगवलेला न्हाई."

एवढ्यात दार आपटलं. केशरचा धाकटा भाऊ गुणा रॉकेलचा डबा घेऊन आत आला. मागून तिचा होणारा नवरा दत्तात्रय होता.

"अक्का, ती सगळी चित्रं खाली काढ! आज जाळून टाकतो. दुपारी पंच बसणार हाईत. लग्न मोडलं तर तुला कुळगीच्या मावशीकडं धाडायचं म्हणतोय बाबा. परत ब्रश हातात न्हाई घ्यायचा!"

"मी काय केलं रे?" केशरचा आवाज चिरकला.

"तूच काढलास न्हवं तोंडाचा फोटो?"

दत्तात्रय यशवंतवर धावून गेला. "किल्ली कुणाकडं ते विचारा, सायब! मी बेळगावात छापखान्यात, फोटोचे ब्लॉक करायच्या कॅमेऱ्यावर हाय, मला कळतंय. डोकं चिकटवायचं काम आणि कुठं होणार? ह्या म्हाताऱ्याला धरा!"

हलगेकरांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि फोटो पाकिटात घातला. "पंचांसमोर बोलू."

दुपारी देवळाच्या मंडपात गाव जमलं. केशर खांबाला टेकून उभी होती. यशवंतला मधोमध बसवलं होतं. कुणीतरी त्याच्या अंगावर थुंकलं होतं.

"निगेटिव्ह ह्याच्याकडं," परशूतात्या म्हणाले. "आणि काय पायजे, सायब?"

"निगेटिव्हवरून छापला असता तर ओठ फिके आले असते," हलगेकर म्हणाले. "ती ओठाला काही लावत नाही. या फोटोत ओठ आणि कुंकू डांबरासारखं काळं आहे. सकाळपासून आठवत होतो, असं तोंड कुठं पाहिलं. माझी आई गेली तेव्हा तिचा रंगवलेला फोटो मी पेपरात छापायला दिला होता. जांभळं खाल्ल्यासारखे ओठ छापून आले. मी ब्लॉकवाल्याशी भांडायला गेलो. तो म्हणाला, आमच्या कॅमेऱ्याची फिल्म तांबड्याला आंधळी असते, लाल रंग तिला काळाच दिसतो."

मागं बसलेले पुढं सरकले.

"म्हणजे हा चेहरा रंगवलेल्या प्रतीवरून उचलला, तोही ब्लॉकच्या कॅमेऱ्यावर. तशी प्रत एकालाच दिलेली आहे. दत्तात्रय, पाकीट काढ."

दत्तात्रय हलला नाही. हवालदारानं त्याच्या खिशातून पाकीट काढलं. आत केशरचा रंगवलेला फोटो होता. चारही कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं होती.

"कॅमेऱ्यासमोर फळीवर टाचला होतास. आणि ती उघडी बाई?"

"बेळगावात मिळतात तसली पुस्तकं," दत्तात्रय पुटपुटला.

"का केलंस?"

"मालकाच्या मेव्हणीशी जमलंय माझं. हितं पंचांसमोर शब्द दिलेला. मी मोडलं असतं तर गावानं मला नावं ठेवली असती."

"म्हणून नावं तिला ठेवायला लावलीस."

दत्तात्रयनं मान खाली घातली. लाजेपेक्षा त्याला सापडल्याचंच वाईट वाटत होतं.

परशूतात्या खाकरले. "झालं ते झालं. पोरगं चुकलं. आता ह्याच मांडवात अक्षता टाकून टाकू. पोरीचं नाव बी झाकंल."

"माझी ना न्हाई," दत्तात्रय लगेच म्हणाला.

गुणानं आशेनं बहिणीकडं पाहिलं.

"माझी हाय," केशर म्हणाली. "ह्याच्या हातचं पाणी बी मला ओकारी आणंल."

हवालदारानं दत्तात्रयला बाहेर नेलं. लोक उठू लागले.

"बसा," हलगेकर म्हणाले. "सकाळी फाडलेले फोटो कुठं आहेत?"

लोक एकमेकांकडं बघू लागले.

"ठेवून कुणी घेतले नाहीत म्हणालात. कुणी जाळल्याची राखही दिसली नाही. तात्या, उपरणं झटका."

"सायब, माझ्या वयाचा तरी..."

"झटका."

उपरण्यातून कागद पडला. घडी घातलेली होती, पण बाईच्या अंगावर मोड येणार नाही अशी जपून. मग गिरणीवाल्याच्या टोपीतून एक निघाला. कुणाच्या बनियनमधून, कुणाच्या कमरेच्या पिशवीतून. यशवंतवर थुंकलेल्या माणसाच्या खिशातही एक होता. एकेक जण पुढं येऊन कागद खाली टाकत होता आणि केशर त्या प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होती. एकालाही तिच्याकडं बघवलं नाही.

"गुणा, तो रॉकेलचा डबा आण," हलगेकर म्हणाले.

गुणानं आणला. "अक्का..."

"ओत," ती म्हणाली आणि काडी तिनंच ओढली.

संध्याकाळी हलगेकर स्टुडिओवरून जात होते. केशर शोकेस पुसत होती. आत कंदिलाचं मुखपृष्ठ पुन्हा जागेवर लागलं होतं.

"खळ निघाली का?"

"निघंल, सायब." तिनं बादली त्यांच्याकडं सरकवली. "आधी तुमी हात धुवा. मुतारीतला त्यो कागद तुमीच सोलून आणलाय."