मुलं झाडाला लागत नाहीत

"तुमच्या घराण्यात मुलं झाडालाच लागतात का हो?"

प्रश्न शिडीवरून आला. काकूचा मिक्सर परत द्यायला म्हणून मी आले होते आणि तो पोटाशी धरून थोरल्या काकांच्या नव्या हॉलमध्ये उभी होते. समोरच्या अख्ख्या भिंतीवर एक झाड उगवलं होतं. जाड बुंधा, फांदीवर फांदी, प्रत्येक पानावर एक नाव. आणि शिडीच्या वरच्या पायरीवर, कोपरापर्यंत हिरवा झालेला एक पेंटर.

"म्हणजे?"

"म्हणजे बघा ना... सात पिढ्या रंगवून झाल्या, बाई एकसुद्धा नाही. मग एवढे पुरुष आले कुठून? म्हटलं, थेट फांदीलाच लागत असतील. पेरूसारखे."

मला हसू आलं, आणि पाठोपाठ रागही. आपल्या घराला नावं ठेवायची तर आपण ठेवावीत. शिडीवरच्या परक्या माणसानं नाही.

"वंशवृक्ष असाच असतो," मी म्हणाले.

"असेल. तुम्ही कुठे आहात यात?"

"मी नाहीये."

"का? रुसलात?"

तेवढ्यात मिक्सरचं झाकण निसटलं आणि गडगडत शिडीखाली गेलं. तो खाली उतरला, झाकण उचललं, सदऱ्याला पुसलं — आणि त्यावर हिरव्या अंगठ्याचा ठसा उमटवून माझ्या हातात दिलं.

"सॉरी," तो म्हणाला. पण डोळे अजिबात सॉरी म्हणत नव्हते.

त्या झाडाचं सगळं प्रकरण थोरल्या काकांचं. आजोबांचा ऐंशीवा वाढदिवस जवळ आला होता, सगळं गणगोत जमणार होतं, आणि काकांना त्या दिवशी भिंतीवर घराणं दाखवायचं होतं. हौस दांडगी. नावं त्यांनी स्वतःच सांगितली होती — मुलगा, त्याचा मुलगा, त्याचा मुलगा. संपलं.

त्या संध्याकाळी मी बाबांना विचारलं, "बाबा, आजोबांच्या आजीचं नाव काय होतं?"

बाबांनी पेपरमधून डोकं न काढता सांगितलं, "आजी."

"अहो, नाव!"

"सगळे आजीच म्हणायचे. असेल काहीतरी नाव."

असेल काहीतरी! माझ्या पायात काटा मोडला तो तिथे.

मी कानाच्या मशीनच्या दुकानात काम करते. म्हाताऱ्या माणसांच्या कानात यंत्र बसवायचं, आवाज कमी-जास्त करून द्यायचा, आणि त्यांना हवं तेवढं बोलू द्यायचं. म्हाताऱ्यांना बोलतं करण्यात माझा हात धरणारं कुणी नाही. तेव्हा मी सुट्टीच्या दिवशी निघाले. कुठली चुलत आजी, कुठली आजोबांची मामेबहीण, कुणाची विधवा भावजय — एकेकीच्या पलंगाशी बसायचं, मोबाइल उशाशी ठेवायचा आणि विचारायचं, "तुमच्या घरात मुली कोण कोण होत्या?" आधी सगळ्याच म्हणायच्या, "आम्हाला काय माहीत बाई." आणि मग चहा थंड होईपर्यंत थांबायच्या नाहीत. कुणी एकीनं पाच भावंडं वाढवली होती. कुणी एक चोरवाटेनं शाळेत जायची. कुणी नवऱ्याला ओसरीवर झोपवायची, तो दारू सोडेपर्यंत. सगळ्यांना नावं होती. चांगली, खणखणीत नावं. फक्त आजोबांच्या आजीचं तेवढं कुणाला आठवेना.

आणि हे सगळं मी सांगायची कुणाला? तर पेंटरला. काकूकडच्या माझ्या फेऱ्या एकाएकी वाढल्या. मिक्सर परत मागून आणला, परत नेऊन दिला. काकू एकदा म्हणालीसुद्धा, "अगं, तूच ठेव तो. किती वाटण करतेस?"

"आज किती बायका सापडल्या?" तो शिडीवरून विचारायचा.

"तीन."

"मग माझ्यापेक्षा बरं चाललंय तुमचं. मला आयुष्यात एकही सापडली नाही."

"शिडीवर बसून कशा सापडतील?"

"म्हणून तर हल्ली लवकर खाली उतरतो..."

असं काहीतरी म्हणायचा आणि वळून पुन्हा पानं रंगवायला लागायचा. मी मात्र घरी जाईपर्यंत ते वाक्य जिभेवर गोळीसारखं घोळवत राहायची.

एकदा आजोबांच्या चुलत बहिणीकडे निघाले आणि माझी बस चुकली. पाऊस भुरभुरत होता. त्यानं स्कूटर पुढ्यात आणून उभी केली. "बसा मॅडम. झाडाच्या कामालाच जाताय, म्हणजे माझ्याच कामाला." वाटेत एका खड्ड्याशी मी त्याचा खांदा धरला. खड्डा गेला, आणि मी हात काढायला विसरले... त्यानंही आठवण केली नाही.

आजोबांची ही चुलत बहीण नव्वदीची, पण नजर सुईसारखी. "हा कोण?"

"पेंटर आहेत."

"मला रंगवायचंय का आता?" तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझ्याकडे वळली. "मेलेल्यांची नावं गोळा करत फिरतेस, बरंय. पण जी जिवंत आहे तिचं काय गं? तुझ्या धाकट्या आत्याचं?"

धाकटी आत्या म्हणजे आमच्या घरातलं बंद कपाट. मी लहान असताना तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं आणि ती गेली; एवढंच ठाऊक. कुठे गेली ते कुणी सांगितलं नाही. मला वाटायचं, फार लांब.

ती याच शहरात होती! दोन बस बदलल्या की तिचं घर. ती पोहायला शिकवायची. आम्ही गेलो तेव्हा शिट्टी तोंडात धरून, तलावाच्या काठावरून बायकांच्या एका घोळक्यावर ओरडत होती, "पाय मारा! पाणी खात नाही तुम्हाला!"

मी कोण ते सांगितलं. तिनं शिट्टी काढली आणि बराच वेळ माझं तोंड न्याहाळलं. मग हनुवटी धरून म्हणाली, "नाक आमचंच आहे. बिचारी."

भिंतीवरच्या झाडाचं ऐकून मात्र ती फणकारली. "मला नको त्यांचं पान-बिन. मी मेलेय थोडीच, भिंतीला चिकटायला!" मग ओले केस पिळता पिळता हळूच विचारलं, "अण्णा... बरे आहेत ना?" आजोबांना त्यांची मुलं अण्णा म्हणतात.

परतताना माझे डोळे वाहायला लागले. पेंटरनं स्कूटर कडेला घेतली, रुमाल पुढे केला. त्याला टर्पेंटाइनचा वास येत होता. त्यातच नाक पुसत मी ठरवलं, की आता काकांशी सरळ बोलायचं.

बोलले. दुसऱ्याच दिवशी, त्याच हॉलमध्ये.

"मुलींची नावं?" काका हसले. "अगं, मुली लग्न करून दुसऱ्याच्या झाडावर जातात."

"त्या झाडावर तरी असतात का, काका?"

त्यांचं हसू मावळलं. मी आत्याचं नाव घेतलं, आणि मग तर त्यांचा पाराच चढला. "हे डोकं तुझं नाही. याचं आहे!" ते शिडीकडे वळले. "काय हो, तुमचं घराणं कुठलं?"

"आई आहे," तो म्हणाला. "इस्त्रीचं दुकान चालवते."

"आणि वडील?"

"माहीत नाहीत."

किती वाजले असं विचारल्यावर घड्याळ नसलेला माणूस जसं सांगेल, तसं त्यानं सांगितलं. लाज नाही, तोरा नाही.

"वा! ज्याला स्वतःच्या बापाचं नाव ठाऊक नाही, तो आम्हाला वंशवृक्ष शिकवणार!"

त्यानं ब्रश धुतला, फडक्यानं कोरडा पुसला, शिडी मिटली. "सांगितलं तेवढं झाड पूर्ण झालंय, साहेब. उरलेला रंग ठेवून जातोय."

मी फाटकापर्यंत धावत गेले. "तुम्ही एक शब्द बोलला नाहीत!"

"काय बोलू? त्यांनी खोटं काय सांगितलं?"

"मग असेच निघालात? मला वाटलं होतं, तुम्ही..."

"गुपचूप रंगवून ठेवीन? भिंत त्यांची आहे. चोरून मी एक पान काढणार नाही." त्यानं माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच डोळ्यात मस्करी नव्हती. "आणि मी थांबलो तर सगळं भांडण माझ्या बापावर येऊन संपेल. तुमच्या आत्याचं राहूनच जाईल. तुमचं झाड आहे, मॅडम. काढायचं तर तोंडावर काढा."

आणि तो गेला. मला त्याचा इतका राग आला, इतका राग आला... की रात्रभर त्याच्याशिवाय दुसरा विचार केला नाही.

वाढदिवसाच्या दिवशी हॉल माणसांनी फुलला होता. आजोबा मधल्या खुर्चीत, नवा कोट घालून. काकांनी भिंतीवरचा पडदा ओढला, टाळ्या पडल्या. लोक आपापली नावं शोधायला लागले. पुरुषांना लगेच सापडली.

मी माळ्यावरून त्यानं ठेवलेला रंगाचा डबा आणि एक ब्रश काढला होता. खुर्ची ओढली, तिच्यावर चढले आणि बाबांच्या पानाखाली माझं नाव लिहिलं. ब्रश कधी हातात धरला नव्हता. अक्षर असं, की जणू मुंगी शाईत पडून चालत गेली.

"खाली उतर!" काका ओरडले.

"उतरते. आईचं लिहून होऊ दे."

आईचं लिहिलं. आजीचं लिहिलं. मग त्या चुलत आज्या, मामेआज्या, ओसरीवर नवऱ्याला झोपवणारी ती — एकेकीचं मोठ्यानं सांगून लिहीत गेले. वर, आजोबांच्या आजोबांशेजारी, एक रिकामं पान काढलं.

"हे कुणाचं?" कुणीतरी विचारलं.

"यांच्या बायकोचं. तिचं नाव आपल्यापैकी कुणालाच आठवत नाही. दिसू दे ते."

काकांनी माझ्या हातातला डबा धरला. मी सोडला नाही. रंग दोघांच्याही हातांवर सांडला. आणि तेवढ्यात काकू — लग्नाला तीस वर्षं होऊन जिचा आवाज मी स्वयंपाकघराबाहेर कधी ऐकला नव्हता ती काकू — म्हणाली, "माझं राहिलं की गं. आणि हे बघ, माहेरचं नाव लिही. लग्नात बदललं होतं यांनी. मला ते कधीच आवडलं नाही."

काकांचा हात आपोआप सुटला.

"अण्णा, तुम्ही तरी सांगा हिला!" ते आजोबांकडे वळले.

आजोबा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. भिंतीशी आले. माझ्या वेड्यावाकड्या अक्षरांवरून बोट न टेकवता हात फिरवला. मग म्हणाले, "धाकटीचं नाही लिहिलंस."

लिहून टाकावं असं वाटलं. पण मी मान हलवली. "ते मी लिहिणार नाही, आजोबा. तिचं ती लिहील. तुम्ही बोलवा तिला."

आजोबांनी एकवार काकांकडे पाहिलं, एकवार झाडाकडे. "फोन नंबर आहे तुझ्याकडे?" त्यांनी विचारलं. मी चिठ्ठीवर लिहून दिला. त्यांनी चिठ्ठी कोटाच्या खिशात ठेवली आणि खिशावर हात तसाच धरून खुर्चीत जाऊन बसले. फोन करतील की नाही, कोण जाणे. मी थांबले नाही. मला दुसरीकडे जायचं होतं.

इस्त्रीचं दुकान शोधायला वेळ लागला. एका जिन्याखालची जागा. टेबल, गरम वाफ, कपड्यांचे डोंगर. त्याची आई पँटची घडी बसवत होती. मान वर न करता म्हणाली, "तूच ना ती झाडवाली?"

"हो."

"त्याच्या बापाचं नाव विचारायला आली असशील तर आधीच सांगते. मी कुणाला सांगितलं नाही. त्याला नाही, तुलाही नाही."

एवढे दिवस मी नावांच्या मागे वेडी झाले होते. पण त्या क्षणी माझ्या तोंडून मनापासून निघून गेलं, "नका सांगू मावशी. ते तुमचं आहे."

तिनं इस्त्री उभी केली. पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं — माझ्या हिरव्या हातांकडे, विस्कटलेल्या केसांकडे. स्टूल पुढे सरकवलं. "माझी आई विहिरी खणायच्या कामावर होती," पुन्हा इस्त्री उचलून एक शर्ट पुढ्यात ओढत ती आपणहून सांगू लागली. "टोपली डोक्यावर आणि मी कडेवर. चार गावं तिच्या विहिरीचं पाणी पितात आज. तिच्या आईचं नाव मात्र मलाही ठाऊक नाही बघ."

"आमच्याकडेही एक रिकामं पान आहे," मी म्हणाले.

"मग बरोबरी झाली." ती हसली. अगदी त्याच्यासारखी, डोळ्यांनी आधी. "पण तू आलीस कशाला, ते नाही सांगितलंस."

मागे पावलं थांबली. मला वळून बघायची गरज नव्हती; टर्पेंटाइनचा वास आधी पोहोचला होता. एका दिवसात एवढ्यांच्या तोंडावर बोलले होते, आता कशाला मागे हटायचं?

"मावशी, मी तुमच्या मुलाशी लग्न करणार आहे," मी म्हणाले. "त्याला अजून सांगितलेलं नाही."

पाठीमागे काहीतरी धाडकन पडलं. शिडी असावी.

"मॅडम!" तो म्हणाला. मग दोनदा घसा खाकरला. "तुमच्या घरचे..."

"तोंडावर सांगेन. शिकवलंय एकानं."

"आणि मला विचारायची काही पद्धत?"

आता मी वळले. दारात उभा होता — घामानं भिजलेला, केसांत चुना, आणि तोंडावर असं हसू की लपवायला दोन्ही हात पुरले नसते.

"विचारतेय ना," मी म्हणाले. "करशील?"

"काय म्हणालीस?"

"ऐकू येत नसेल तर आमच्या दुकानात ये. मशीन बसवून देईन."

"नको," तो म्हणाला आणि दोन ढांगांत जवळ आला. "आलं ऐकू. फक्त... ते 'करशील' पुन्हा एकदा म्हण."

"अरे, हो म्हण तिला आधी!" त्याची आई ओरडली. "तुमच्या नादात शर्ट जळला माझा!"