साखळदंडातलं विमान

"पुसू नकोस. आधी फोटो काढू," मोठी म्हणाली.

"फोटो कशाला? अल्बममध्ये लावायचाय?" भिंगरीने ओला फडका फाटकावर इतक्या जोरात घासला की खडूबरोबर रंगाचे पोपडेही निघाले.

फाटकावर कुणीतरी खडूने लिहून ठेवलं होतं, 'भिंती पाडणारी इथे राहते.' आणि हे कुणाच्या फाटकावर? तर त्यांच्या आत्याच्या! लढाऊ विमानातून उडणाऱ्या आत्याच्या!

भिंगरी दहा वर्षांची. मोठी ही तिची तेरा वर्षांची सख्खी बहीण. आणि चुंबक हा बारा वर्षांचा चुलत भाऊ. त्याच्या खिशात खिळे, नट, मोडक्या चाव्या असं काहीबाही कायम गोळा झालेलं असायचं, म्हणून तो चुंबक. सुट्टीत आत्याकडे जाणार, हे तिघांनी शाळेत इतक्यांदा सांगितलं होतं की वर्गातली पोरं त्यांना टाळायला लागली होती. आणि इथे येऊन पाहतात तर काय, आत्या घरी बसलेली आणि गल्लीत तिच्याशी कुणी धड बोलायला तयार नाही.

झालं होतं असं. विमानांपाठोपाठ होणारे धडाके गावाला हल्ली नवे नव्हते, पण गेल्या आठवड्यात भरदुपारी एक विमान उडालं, पाठोपाठ प्रचंड धडाका झाला आणि शेजारच्या शिंपीकाकांच्या दुकानाची मागची भिंत कोसळली. काकांचा उजवा हात मोडला. त्या विमानात आत्या होती. नागरिक समितीने लगेच तक्रार ठोकली, की यांनी विमान आवाजापेक्षा जास्त वेगाने गावावरून नेलं. चौकशी पुरी होईपर्यंत आत्याचं उडणं बंद झालं. समितीचे अध्यक्ष होते डोंगरावरच्या दगडखाणीचे मालक. या बाईला पुन्हा विमानात पाय ठेवू देणार नाही, असं ते चौकाचौकात सांगत फिरत होते.

"खरंच नेलं होतंस का गं?" चुंबकने विचारलं. चौघं स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती. भिंगरीने त्याला कोपराने ढोसलं.

"विचारू दे त्याला. तोंडावर विचारणारा तो पहिलाच आहे," आत्या म्हणाली. "आमचं विमान आवाजाच्या जवळजवळ दुप्पट वेगाने जाऊ शकतं. पण तो वेग धरायचा फक्त समुद्रावर, किनाऱ्यापासून लांब. गावावर कधीच नाही. विमानात वेगाची नोंद होते, ती मी चौकशीत दिली."

"मग मिटलं की."

"समिती म्हणते, यंत्र तुमचं, तेव्हा नोंदही तुमच्या सोयीची."

चुंबकने चार दाणे तोंडात टाकले. "पण पुढचा माणूस विमान चालवतो ना? मग मागच्या सीटवर तू नुसती बसतेस?"

"नुसती बसते?" आत्या त्या दिवसात पहिल्यांदा हसली. "तो उडवतो तेव्हा मी रडारवर शंभर-दीडशे किलोमीटरवरचं बघत असते. समोरून येतोय तो आपला की परका, हे ओळखते. कुठे वळायचं, काय टाळायचं, ते सांगते. त्याला काही झालं तर मागूनही विमान उतरवता येतं. आणि जोरात वळलो की अंगाचं वजन नऊपट होतं. हात उचलायचा म्हटलं तरी घाम फुटतो. तसं नुसतं बसून दाखव एकदा."

"मी इथेच बरा आहे," चुंबक म्हणाला.

भिंगरी मात्र हसली नाही. जिला एवढं सगळं येतं, तिचं साधं खरं बोलणं कुणाला पटत नाही! भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि त्यात तिचं काही चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आत्या चौकशीसाठी हवाई तळावर गेली. भिंगरी अंगणात बादलीत फडका पिळत होती, कारण फाटकावर पुन्हा खडू उमटला होता. डोक्यावरून दुसरंच एक विमान गडगडत गेलं. त्याचा आवाज विरत आला आणि अचानक बादलीतल्या पाण्यावर बारीक बारीक लाटा उठल्या. भिंगरी बघतच राहिली. मग, तीन-चार आकडे मोजून होतील इतक्या वेळाने, धडाड् करून आवाज आला.

"पाणी आधी हललं," ती धावत घरात शिरली. "आवाज नंतर आला."

"तुझा पाय लागला असेल बादलीला," चुंबक म्हणाला.

"माझा पाय आता तुला लागेल."

"गप्प बसा दोघं," मोठी म्हणाली. ती विचार करायला लागली की वेणीचं टोक चावायची, तसं तिने आत्ता धरलं होतं. "वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो. इथेही दोन गोष्टी दोन वाटांनी आल्या. आवाज हवेतून आला. आणि हादरा..." तिने फरशीवर पाय आपटला. "हादरा इथून आला."

संध्याकाळी आत्याने हे ऐकलं आणि हातातला कप खाली ठेवला. "विमानाचा धडाका हवेतून येतो. आवाज आणि हादरा एकदमच. जमिनीतून मात्र हादरा फार लवकर पोचतो, हवेतल्या आवाजाला कितीतरी मागे टाकून. पाणी खरंच आधी हललं असेल, तर कुणीतरी जमीन फोडतंय."

तिघांनी एकदम खिडकीतून डोंगराकडे पाहिलं.

"खाणीत सुरुंगाला बंदी आहे," आत्या म्हणाली. "खाण सरकत सरकत गावाच्या फार जवळ आली, म्हणून. आता तिथे दगड हाताने फोडतात म्हणे."

"म्हणे," भिंगरी म्हणाली.

पुढच्या दुपारी आत्याला न सांगता तिघं डोंगरावर गेली. ही चूकच होती आणि ती किती मोठी होती हे त्यांना लवकरच कळणार होतं. वाटेवरच्या झाडांची पानं पांढरी पडली होती. चुंबकने एका पानावर बोट फिरवलं, तर बोटाला दगडाची ताजी भुकटी लागली.

वर एका मोठ्या खडकाआडून त्यांनी खाली डोकावून पाहिलं. खाणीच्या तोंडाशी पत्र्याच्या आडोशाला एक माणूस गळ्यात शिट्टी अडकवून बसला होता. तिथून हवाई तळ दिसतच नव्हता, मध्ये डोंगराचा खांदा होता.

"हा वाट कशाची बघतोय?" चुंबक कुजबुजला.

तेवढ्यात पलीकडून विमानाच्या इंजिनाचा आवाज चढला. त्या माणसाने कान टवकारले, उठून जोरात शिट्टी मारली. कामगार पळत आडोशाला गेले. विमान डोक्यावरून निघून गेलं आणि लगोलग अख्खा डोंगर हादरला. दगड आकाशात उडाले. नारळाएवढा एक दगड चुंबकच्या पाण्याच्या बाटलीवर येऊन पडला आणि बाटली चपटी झाली. बाटलीपासून चुंबक दोन हातांवर होता.

चुंबकने दगडाखालून बाटली ओढून काढली.

"भोंगा वाजवला नाही," मोठी म्हणाली. तिचा आवाज रागाने कापत होता. "सुरुंगाआधी भोंगा वाजवतात, लाल झेंडा लावतात. इथे कुणी गुरं घेऊन आलं असतं तर?"

"भोंगा वाजवला तर गावाला कळेल ना," चुंबक बाटलीकडे बघत म्हणाला.

उतरताना वाटेत खुद्द खाणमालकांची गाडी आडवी आली. त्यांनी काच खाली केली. "काय रे, इकडे कुठे फिरताय? खाण बंद आहे. विमानाच्या धडाक्याने वरून दगड येतात इथे. तुमच्या त्या आत्यालाच विचारा." आणि वर गोड हसले!

भिंगरीने तोंड उघडलं. मोठीने तिच्या पायावर पाय देऊन ते बंद केलं.

घरी आत्याने आधी तिघांना असं झाडलं की चुंबकसुद्धा रडकुंडीला आला. मग तिने त्यांना घेऊन तळप्रमुखांचं कार्यालय गाठलं. पोलीस खाणीवर गेले, पण फाटकाला कुलूप, आत शुकशुकाट. मालकांनी पोलिसांना खुर्च्या दिल्या, सरबत दिलं आणि पोरांच्या कल्पनाशक्तीचं कौतुक केलं.

"पोलिसांची गाडी त्यांना लांबून दिसते," मोठी तळप्रमुखांना म्हणाली. "पण विमान त्या माणसाला दिसत नाही. तो नुसतं ऐकतो."

"मग?"

"मग विमान उडवू नका. नुसतं गर्जू द्या. आणि तेव्हा खाणमालक इथे असू देत."

तळप्रमुखांनी आत्याकडे पाहिलं. आत्या म्हणाली, "इंजिन तपासताना विमान साखळदंडांनी जमिनीला बांधतो आणि पूर्ण जोर देतो. आवाज उड्डाणासारखाच होतो."

"पण डोंगरावर कुणी असलं तर?" भिंगरीने विचारलं.

"सगळ्या पायवाटांवर साध्या कपड्यांतले पोलीस उभे करू," तळप्रमुख म्हणाले. "एक शेळीसुद्धा वर जाणार नाही."

समितीला निरोप गेला, की दुपारी तळावर या, विमानाचा आवाज जवळून ऐका आणि तक्रार समोरासमोर मांडा. खाणमालक इस्त्रीच्या कपड्यांत आले. हात गळ्यात बांधलेले शिंपीकाका आले, गल्लीतले दुकानदार आले. तळाच्या नियमाप्रमाणे सगळ्यांचे मोबाईल फाटकावर जमा झाले.

दोन आसनांचं ते राखाडी विमान मोकळ्या फरसबंदीवर उभं होतं. मनगटाएवढ्या जाड साखळदंडांनी ते जमिनीतल्या कड्यांना जखडलेलं होतं. खाणमालकांचं हसू जरासं उतरलं. "हे बांधलंय कशाला? उडणार नाही का?"

"आज नाही," आत्या म्हणाली. "आज फक्त ऐकायचं."

सगळ्यांना कानांवर झाकणं मिळाली. इंजिन सुरू झालं, मग त्याचा जोर वाढत गेला आणि शेपटातून निळ्या-पिवळ्या आगीचा लोळ बाहेर पडला. छातीचा पिंजरा थरथरायला लागला. साखळदंड ताणले गेले. खाणमालकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ते तळप्रमुखांपाशी जाऊन हातवारे करायला लागले, कानाशी मूठ धरून दाखवायला लागले. त्यांना फोन हवा होता. आत्ता, ताबडतोब.

इंजिन बंद झालं.

"माझा फोन द्या," खाणमालक ओरडत होते. ओरडायची गरज उरली नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. "एक मिनिट बोलायचंय, फार निकडीचं..."

"कुणाशी?" भिंगरीने विचारलं.

पायाखालची फरसबंदी हादरली. मग डोंगराकडून आला तो धडाका, ओळखीचा, गावाने इतके दिवस विमानाच्या नावावर मांडलेला.

सगळ्यांनी विमानाकडे पाहिलं. ते जागच्या जागी साखळदंडात उभं होतं.

"विमान तर इथे आहे," शिंपीकाका सावकाश म्हणाले. मग ते खाणमालकांकडे वळले. "माझा हात तुम्ही मोडलात. आणि दवाखान्यात मला बघायला आलात, तक्रारीवर माझा डाव्या हाताचा अंगठा घेऊन गेलात."

थोड्या वेळाने पोलीस शिट्टीवाल्याला घेऊन आले. तो बिचारा घाबरून सगळंच सांगून मोकळा झाला. साहेबांनीच सांगितलं होतं, आज सगळे तळावर असतील, तेव्हा विमान गर्जलं की मोठा सुरुंग उडवा! मग मात्र लोकांच्या रागाला धरबंध राहिला नाही आणि पोलिसांनी खाणमालकांना घाईने गाडीत बसवलं.

तळप्रमुखांनी तिघांना पुढे बोलावलं. "एवढी मोठी चौकशी चालली होती, पण बादलीकडे बघायचं आम्हाला सुचलं नाही," ते म्हणाले. "शाबास. काय बक्षीस हवं?"

चुंबकची नजर विमानाच्या मागच्या सीटवर गेली होती. पण भिंगरी आधी बोलली. "बक्षीस राहू दे. फाटकावर खडूने कुणी लिहिलं ते पुढे येऊ दे."

बराच वेळ सगळे आपापल्या चपलांकडे बघत राहिले. शेवटी कोपऱ्यावरचा वाणी पुढे आला आणि आत्याला म्हणाला, "ताई, चुकलं माझं." त्याच्या मागून दुसरा आला, मग तिसरा. शिंपीकाकांनी डावा हात आत्याच्या डोक्यावर ठेवला. आत्याने डोळे पुसायची घाई केली नाही.

दोन दिवसांनी दुपारी आत्या उडाली. गल्ली झाडून सगळी रस्त्यावर आली होती. विमान गडगडत गेलं, ढगात शिरलं. आवाज विरत गेला आणि सवयीने सगळे श्वास धरून उभे राहिले. कुणी खिडकीची तावदानं धरली होती, कुणी कान.

काहीच झालं नाही. दूर कुठेतरी एक कुत्रं भुंकलं, तेवढंच.

"संपलं?" चुंबकने विचारलं.

"संपलं," शिंपीकाका म्हणाले आणि नव्या भिंतीच्या विटा मोजायला आत गेले.